चौथी टकटक

१

आमच्या विद्यापीठात दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. वेळापत्रकावर दहाच छापलेलं असतं, पण व्हिएन्नात त्या छापील आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मधली पंधरा मिनिटं कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी त्यात कॉफी पिऊन घ्यायचे.

गुरुवारचा तास डॉक्टर प्रोहास्कांचा. विषय जुनं हस्ताक्षर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात मंत्री असो की मोलकरीण, सगळे ज्या टोकदार, तिरक्या वळणाने लिहायचे ते वळण आज इथल्याच माणसांना वाचता येत नाही. मंत्र्यांचं लिखाण कोणी ना कोणी छापून ठेवलंय. मोलकरणींचं कोण छापणार? जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत एका खोक्यात दोनशे बारा पत्रं आहेत. खेड्यांतून इथे कामाला आलेल्या मुलींनी घरी लिहिलेली आणि घरी कधीच न पोचलेली. मी त्यातली चाळीस वाचली होती. उरलेली वाचायची तर हा वर्ग चालू राहायला हवा होता, कारण प्रत्येक पत्रातली निम्मी अक्षरं मला अजून डॉक्टरांना विचारावी लागत होती.

वर्गात आम्ही तिघं. मी, म्हणजे वॅली कोग्लर. माझी मैत्रीण डिलेक, जी फावोरिटेन पेठेत जन्मली आणि तिथल्या भाजीवाल्यांसारखीच बोलते. आणि नावरातिल. वय एकाहत्तर, तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला. पहिल्याच दिवशी मी त्याला "अहो" म्हटलं तर उखडला होता.

"विद्यार्थी आहे ना मी? मग 'अहो' कुठून आलं? अरे म्हण."

तिघांसाठी हॉल सहा म्हणजे फारच मोठा. पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या बाकांच्या नऊ रांगा. बैठका लाकडी, बसताना खाली ओढायच्या, उठलं की आपोआप वर जाणाऱ्या. आम्ही पहिल्या रांगेत बसायचो, कारण डॉक्टरांचा आवाज बारीक होता.

त्यांच्या डोळ्यांत मधोमध धुकं साचलं होतं. समोर धरलेलं पान त्यांना दिसायचं नाही, नजरेच्या कडेने तेवढं काहीतरी दिसायचं. अक्षरं त्यांना पाठ होती. आणि आम्ही किती जण आलो, हे ते कानांनी मोजायचे. तास संपल्यावर आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. डिलेकची अंगठी बाकावर वाजायची. नावरातिल दोनच ठोके द्यायचा, जड, ट्रामच्या घंटेसारखे. माझी टकटक घाईची.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी आम्ही वाजवून थांबलो आणि डॉक्टर म्हणाले, "आभारी आहे. चौघंही आलात, बरं वाटलं."

२

"म्हातारा चुकला," जिना उतरताना डिलेक म्हणाली.

"मोजण्यात?"

"मग काय? तू वाजवतेस दोघींचं. उगाच नाही त्याला चार वाटले."

मला पटलं. पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम हळू वाजवलं आणि आधी थांबले. डिलेक थांबली. नावरातिल थांबला. आणि मग, वर मागे कुठेतरी, एकदाच. टक्. कोणाच्या दारावर संकोचाने वाजवावं तसं.

डॉक्टर हसून मागच्या दिशेला मान लववून निघून गेले.

मी मागे वळून बघितलं. आठ रिकाम्या रांगा. उंच खिडक्यांत राखाडी उजेड. भिंतीलगत खोली तापवणारे गरम पाण्याचे जुने नळ.

"नळ," मी म्हणाले.

"नळच," डिलेक म्हणाली.

टोपी घालताना नावरातिलने दोनदा मागे बघितलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या कचेरीचं पत्र आलं. ज्या वर्गाला चारपेक्षा कमी विद्यार्थी, तो वर्ग फेब्रुवारीपासून बंद. जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी मोजणीला माणूस येईल. डॉक्टरांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि समाधानाने मान डोलावली. "म्हणजे आपण जेमतेम वाचलो की! चार आहोत आपण."

मी तोंड उघडलं. गेल्याच महिन्यात मी याच इमारतीच्या पायऱ्यांवर उभी राहून लहान विषय वाचवण्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या. कचेरीतली मंडळी खोटे आकडे दाखवतात, असं ओरडून सांगितलं होतं. आता एक खरा आकडा सांगायचा होता, फक्त एक. खोक्यातली एकशे बहात्तर पत्रं डोळ्यांसमोर आली.

मी तोंड मिटलं.

३

"अजून दोन महिने आहेत. चौथा माणूस आणू," डिलेक म्हणाली. आम्ही खानावळीत होतो. नावरातिल घरून आणलेला डबा उघडत होता.

"भाड्याची डोकी मी आणणार नाही," मी म्हणाले. "ज्याला खरंच शिकायचंय तो येईल."

"बाई, तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेव. पोट नाही भरत त्याने. माझा मामेभाऊ आयबेक रिकामाच असतो, त्याला आणते."

आयबेक आला. दांडगा, हसरा, हातात भलामोठा पाव. तो तिसऱ्या रांगेत पसरून बसला, कारण पुढे पाय मावत नव्हते. तासभर त्याने मोबाइल बघितला. शेवटी आम्ही वाजवलं, त्यानेही वाजवलं. आणि त्याच्या मागून, एक टक्.

तो उठला, मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि पाव तिथेच टाकून बाहेर गेला. व्हरांड्यात डिलेकने त्याला गाठलं.

"काय झालं रे?"

"माझ्या मागे कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. नळ आहे तो."

"नळ श्वास घेतो काय गं?" आयबेक म्हणाला. तो पुन्हा आला नाही.

डॉक्टर मात्र वर्गात खूश उभे होते. "आज पाच!"

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि नको त्या वेळी लक्षात आली, घरी, जिन्यात, किल्ली शोधताना. पहिल्यांदा तो आवाज अगदी वरून आला होता, शेवटच्या रांगेतून. आज तो आयबेकच्या मागून आला. चौथ्या किंवा पाचव्या रांगेतून. नळ भिंतीजवळ आहेत. नळ जागा बदलत नाहीत.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या, सुट्टीआधीच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही तिघं दहाच्या ठोक्याला हॉल सहात गेलो. नावरातिलनेच सुचवलं होतं. रिकामी गाडी डेपोत तपासायची असते, असं तो म्हणाला.

दहाला त्या इमारतीत कोणी नसतं. म्हणजे माणसं असतात, पण व्हरांड्यात, जिन्यात, कॉफीच्या रांगेत. वर्ग सगळे रिकामे असतात. मला पहिल्यांदाच कळलं की ते किती शांत असतात.

"चल, बाकं हलवून बघू," मी म्हणाले. "कुठेतरी लाकूड सुटलं असेल."

आम्ही वरून सुरुवात केली. नववी रांग, आठवी, सातवी. बाकं घट्ट होती. डिलेक माझी बाही धरून चालत होती आणि मी तिला हसत होते. पाचव्या रांगेपाशी नावरातिल थांबला.

"वॅली," तो म्हणाला. "ही बैठक बघ."

चौथ्या रांगेत, मधोमध, एक बैठक खाली होती. बाकीच्या सगळ्या वर.

"स्प्रिंग गेली असेल," मी म्हणाले.

"तीस वर्षं गाडी चालवली मी," नावरातिल हळू आवाजात म्हणाला. "रिकामी गाडी वेगळी धावते. मागे एक जरी माणूस उभा असेल ना, ब्रेक लावला की पायाला कळतं. आरशात बघावं लागत नाही."

"गप रे, म्हाताऱ्या," डिलेक म्हणाली, पण कुजबुजतच.

मला राग आला. स्वतःचाच. मी दोन पावलं पुढे गेले आणि त्या बैठकीकडे हात नेला. स्प्रिंग तपासायची, बस.

माझा हात पोचायच्या आत बैठक वर जाऊ लागली. स्प्रिंगची बैठक खाडकन वर जाते, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी. ही तशी गेली नाही. सावकाश गेली, आवाज होऊ नये म्हणून कोणीतरी मागे हात लावून धरल्यासारखी. अगदी वर टेकली तेव्हा बारीकसं करकरली.

आणि आमच्या समोरून, बाकांच्या मधल्या वाटेने, कोणीतरी बाजूला झालं. दिसलं काहीच नाही. फक्त खिडकीच्या उजेडाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता, तो क्षणभर तुटला आणि पुन्हा जोडला गेला.

सव्वादहाला डॉक्टर आले तेव्हा आम्ही तिघं पहिल्या रांगेत एकमेकांना चिकटून बसलो होतो.

५

मी हिशोब केला होता. नाताळच्या आधी चौथी रांग. सुट्टीनंतर तिसरी. म्हणजे मोजणीच्या दिवशी दुसरी, नेमकी आमच्या पाठीमागची. आणि त्यानंतर?

"त्यानंतर म्हातारबाबा," डिलेक म्हणाली. "रांगा संपल्या की फळ्याजवळ तेच उभे असतात."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. मी ते स्वतःला म्हणू दिलं नव्हतं. ज्या चौथ्याच्या जिवावर मी वर्ग वाचवायला निघाले होते, तो चौथा दर आठवड्याला एका अर्धवट आंधळ्या माणसाकडे सरकत होता, आणि मी गप्प बसून त्याला येऊ देत होते. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी त्याच्या तोंडावर त्याला भेकड म्हटलं असतं.

मी ठरवलं. मोजणीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, आम्ही तिघंच आहोत. वर्ग गेला तरी चालेल.

त्या गुरुवारी मी दहा वाजून दहा मिनिटांनी पोचले. आत पहिल्या रांगेत एक बाई आधीच बसल्या होत्या, कोट न काढता, मांडीवर फाइल. कचेरीच्या ट्राउनरबाई. नव्याने लागलेल्या. त्या शिकल्या त्या कॉलेजात दहा म्हणजे दहा.

"वेळ पाळायची पद्धत नाही वाटतं इथे," त्या फाइलमधून मान न काढता म्हणाल्या. "दहापासून बसलेय. एक जण तेवढा वेळेवर होता."

माझ्या मागून डिलेक आणि नावरातिल आत येत होते. ते दारातच थांबले.

"कोण?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी विचारलं, डॉक्टर प्रोहास्कांचा वर्ग हाच का? तर मागून बाकावर वाजलं. तोंडाने हो म्हणायला काय होतं तुम्हा लोकांना? म्हटलं, या, सही करा. कागद मागच्या बाकावर ठेवला. केली वाटतं सही." त्यांनी न बघताच खांद्यावरून मागे बोट दाखवलं. "तुम्हीही करा तिघं. आणि काय गिचमिड केलंय ते बघा, नाव आहे का ते?"

दुसऱ्या रांगेच्या बाकावर कागद होता. त्यावर कचेरीचं निळं पेन आडवं ठेवलं होतं, नीट, कडेला समांतर.

मी कागद उचलून पहिल्या रांगेच्या बाकावर ठेवला. त्यावर पहिल्या ओळीत चार जर्मन शब्द होते. टोकदार, तिरक्या, जुन्या वळणात.

६

पहिला शब्द "मी". दुसरा "आहे". शेवटचा "इथे". हे तीन मला लगेच लागले. या वळणात लिहिलेली चाळीस पत्रं वाचली होती मी. पण ती शाई शंभर वर्षांत तपकिरी झालेली होती. ही निळी होती, ओली असल्यासारखी चमकत होती.

राहिला एक शब्द, "आहे" आणि "इथे"च्या मधला. सहा उभ्या रेघा, बस.

जुन्या वळणाची हीच खोड आहे. जर्मनमधले n, u आणि e, म्हणजे न, उ आणि ए, तिन्ही अक्षरं दोन-दोन रेघांची आणि घाईत लिहिली की हुबेहूब सारखी. उ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या चंद्रकोरीवरून. ती कोर मधल्या अक्षरावर असेल तर शब्द होतो "नून", म्हणजे आता. शेवटच्या अक्षरावर असेल तर न-ए-उ, ज्याचा जर्मन उच्चार "नॉय", म्हणजे नवीन.

कोर कुठेच नव्हती.

आणि मी वाचलं ते भीतीने वाचलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"मी आता इथे आहे," मी म्हणाले.

डिलेकने देवाचं नाव घेतलं. नावरातिलने टोपी काढली. माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, एक बैठक करकरली. मी वळले नाही.

सव्वादहा झाले. दार उघडून डॉक्टर आत आले, भिंतीला हात लावत, नेहमीसारखे. "सुप्रभात, सहकारी मंडळी." आमच्याकडे प्राध्यापक विद्यार्थ्यांना सहकारीच म्हणतात. "पाहुणे आलेत ना आज?"

"डॉक्टर, पुढे येऊ नका," मी म्हणाले. "आणि ट्राउनरबाई, लिहून घ्या. आम्ही तिघंच आहोत. पहिल्यापासून तिघंच. डॉक्टरांना चौथा ऐकू येतो, तो आमच्यापैकी नाही. मी आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला वर्ग हवा होता."

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला आणि ते बघणं मला सगळ्यात कठीण गेलं.

"मग हे कोणी लिहिलं?" ट्राउनरबाईंनी कागद उचलला.

"काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. मी आता इथे आहे.

"आता?" ते म्हणाले. "कोर कुठेय, सहकारी कोग्लर?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? उ आहे तर कोर असणारच. शाळेत छडी खायचे लोक त्यासाठी. द्या इकडे."

त्यांनी कागद घेतला आणि उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवरून त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट फिरवलं, हळू, पाळण्यातल्या मुलाचं कपाळ चाचपावं तसं. पेन दाबून लिहिलं की कागदाला मागून उंचवटे येतात. शाई उमटो न उमटो.

"कचेरीची पेनं," ते पुटपुटले. "मधेच कोरडी पडतात." बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. "ही काय कोर. किती जपून काढलीय. शेवटच्या अक्षरावर."

"शेवटच्या?" डिलेक म्हणाली.

"न, ए, उ. नॉय." डॉक्टरांनी मान वर केली आणि नजरेची कड आमच्या मागे, दुसऱ्या रांगेकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मी इथे नवीन आहे."

ते त्या रांगेकडे दोन पावलं आले.

"तरीच! अहो, मग बिचकत होतात होय इतके दिवस? दर गुरुवारी एकेक रांग पुढे येताय, मला वाटलं फळा दिसत नाही माझ्यासारखाच. मी अक्षरं मोठी काढायला लागलो तुमच्यासाठी!"

टक्.

एकदाच, हळूच. पण या वेळी तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. त्यात धमकी नव्हती. त्यात फक्त संकोच होता. खेड्यातून आलेली मुलगी मोठ्या घराच्या दारात उभी राहून वाजवते, आत येऊ का म्हणून, तेवढाच.

मी बसले. डिलेक हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नवीन आहे म्हणे! आणि आम्ही इथे मरतोय!"

७

ट्राउनरबाई फाइल बंद करत होत्या.

"बाई," मी म्हणाले, "तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले ते? आम्ही तिघं..."

"हे बघा, माझं काम सह्या मोजायचं. डोकी मोजा असं मला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही तिघं करा सह्या, म्हणजे झाल्या चार. चार म्हणजे वर्ग चालू." त्या उठल्या आणि मग पहिल्यांदाच मान वर करून दुसऱ्या रांगेकडे बघितलं. बघतच राहिल्या. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. कोटाचं बटण लावायला त्यांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला. दारापाशी पोचल्यावर, पाठ आमच्याकडेच ठेवून, त्या म्हणाल्या, "आठ दिवसांत कचेरीत येऊन नाव द्यायचं. नव्यांना नियम सारखाच."

दार लागलं. आम्ही तिघांनी सह्या केल्या. माझी सही इतकी वेडीवाकडी आली की शंभर वर्षांनी ती वाचताना कोणाचं तरी डोकं फिरेल.

डॉक्टरांनी खडू घेतला. "आज खोक्यातलं एक्केचाळिसावं पत्र घेऊ. आणि सहकारी कोग्लर, नवीन माणसाला मागे एकटं बसवायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

"नाही, डॉक्टर."

माझ्या शेजारच्या बैठकीवर माझी पिशवी होती. ती उचलली तशी बैठक खाडकन वर गेली. त्या आवाजाने मी दचकले, नावरातिल दचकला. मग आम्ही वाट बघितली.

थोड्या वेळाने बैठक खाली आली. सावकाश, करकर न करता. शेजारून गार हवेची एक झुळूक आली आणि धुण्याच्या साबणाचा वास.

"तिच्याकडे पेन आहे का विचार," डिलेक पलीकडून कुजबुजली.

मला भीती वाटत होती. अंगावर काटा होता, तो मी नाकारत नाही. पण पत्राची प्रत एकच होती. मी ती आमच्या दोघींच्या मधे सरकवली.